पित्ताशय काढताना पित्तनलिका कापली गेली, आता दुरुस्ती रोबोटने करावी का?

प्रश्न लातूर भागातल्या एका भावाचा आहे. थोडक्यात तो असा: "माझ्या ताईचं (वय 38) पित्ताशय खड्यांमुळे दुर्बिणीतून काढलं, त्याला साडेतीन आठवडे झाले. चौथ्या दिवशी पोट फुगलं, ताप आला. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं, नळी टाकली तर पित्त निघालं. अजून रोज 300 ते 400 मिली येतं. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत औषध सोडण्याची तपासणी) केली, पण औषध क्लिपच्या, म्हणजे ऑपरेशनात नळीला लावलेल्या चिमट्याच्या, वर चढलंच नाही. एमआरसीपीत (एमआरआयने काढलेल्या पित्तनळ्यांच्या चित्रात) मुख्य नळी तुटलेली आहे, पण डावी-उजवी नळी एकमेकांना जोडलेली दिसते. एक सर्जन म्हणतात, दोन महिने थांबा, मग पोट उघडून करू. दुसरे म्हणतात, पुढच्या आठवड्यात रोबोटने करू. पहिले डॉक्टर म्हणतात, मीच नीट करून देतो, जास्त पैसे घेणार नाही. आम्ही कोणाचं ऐकावं? रोबोटचा खर्च खरंच उपयोगाचा आहे का?"

आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर सांगतो. पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा दुरुस्ती करून घेऊ नका. पुढच्या आठवड्याची तारीखही लगेच पक्की करू नका. रोबोटिक की ओपन (पोट उघडून), हा प्रश्न तुमच्या यादीत तिसरा किंवा चौथा असायला हवा. त्याच्या आधी पोटातला संसर्ग पूर्ण आटोक्यात आहे का, नळी नेमकी कुठे तुटली आणि शेजारची धमनी शाबूत आहे का, आणि हे ऑपरेशन करणारा माणूस वर्षानुवर्षं हेच काम करतो का, हे पाहायचं. या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर रोबोट या ऑपरेशनसाठी खरोखर चांगलं साधन आहे, असं माझं मत आहे. उत्तरं चांगली नसतील तर रोबोट त्यांची भरपाई करू शकत नाही.

आता हे झालं कसं, ते समजून घ्या. यकृत दिवसाला साधारण 600 ते 1000 मिली पित्त तयार करतं. उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी बाहेर येते, यकृताच्या दाराशी दोघींचा संगम होतो आणि पुढे एकच मुख्य नळी लहान आतड्यापर्यंत जाते. पित्ताशय या मुख्य नळीला एका छोट्या नळीने जोडलेलं असतं. ऑपरेशनमध्ये कापायची असते ती ही छोटी नळी. पित्ताशय वर ओढलं की मुख्य नळीही ताणली जाते आणि त्याच रेषेत येते. जुनी सूज असेल तर दोघींमधली फट बुजलेली असते, आणि मुख्य नळीच छोटी नळी वाटू लागते. निरोगी माणसात मुख्य नळी जेमतेम 4 ते 6 मिलीमीटर रुंद असते, त्यामुळे जाडीवरूनही फरक कळत नाही. अमेरिकेतल्या वे आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा 252 इजांचा अभ्यास केला. त्यात 97 टक्के प्रसंगी मूळ कारण डोळ्यांची फसगत होतं. हात चुकला किंवा कौशल्य कमी पडलं, असं फार थोड्या वेळा घडलं होतं. हे मी कोणाला पाठीशी घालायला सांगत नाही. ही फसगत टाळण्याची पद्धत स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्येच मांडली आहे: पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करायचा आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. तशा दिसत नसतील तर पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून बाहेर पडायचं. अशा वेळी अर्धवट पित्ताशय मागे ठेवून आलेला सर्जन मला जास्त शहाणा वाटतो.

पोट उघडून केलेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये ही इजा साधारण हजारात एक-दोघांना व्हायची. दुर्बिणीची पद्धत आल्यावर सुरुवातीला ते प्रमाण हजारात चार-सहापर्यंत गेलं, आणि अनुभवी हातांत आता ते बरंच खाली आलं आहे. आपल्याकडे ही पद्धत 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी सुरू केली, आणि आज तालुक्याच्या गावीही ती होते. प्रमाण लहान असलं तरी ऑपरेशनांची संख्या अफाट आहे, म्हणून तुमच्या ताईंसारखे रुग्ण आमच्याकडे सतत येत राहतात. बहुतेक वेळा त्या बायकाच असतात. तिशी-चाळिशीच्या, घर आणि मुलं सांभाळणाऱ्या, दोन दिवसांत घरी जायचं म्हणून भरती झालेल्या. या इजेबद्दल मी इतकं पोटतिडकीने बोलतो ते म्हणूनच. पहिली दुरुस्ती नीट झाली तर ही बाई पुढची चाळीस वर्षं धडधाकट जगते. ती बिघडली तर वारंवार थंडी-ताप, कावीळ, नळीत खडे, आणि काहींच्या बाबतीत शेवटी यकृत कडक होऊन प्रत्यारोपणापर्यंत वेळ येते.

पहिल्या डॉक्टरांबद्दल एवढं ठाम का बोललो, तर तेही याच कारणाने. स्ट्युअर्ट आणि वे यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, इजा झालेल्या ठिकाणी त्याच सर्जनने केलेली पहिली दुरुस्ती फक्त 17 टक्के रुग्णांत टिकली होती. याच कामात मुरलेल्या मोठ्या केंद्रातल्या सर्जनच्या हातून झालेली 94 टक्के टिकली. आकडे जुने आहेत, पण त्यातलं अंतर इतकं मोठं आहे की त्यानंतरच्या काळात कोणी ते खोडून काढू शकलेलं नाही. "जास्त पैसे घेणार नाही" हे ते बहुधा मनापासून म्हणत असतील. त्यांच्याकडून एक वेगळी मदत मागा: ऑपरेशनची सविस्तर नोंद, किती क्लिप लावल्या, रक्तस्राव झाला होता का, आणि असेल तर ऑपरेशनचा व्हिडिओ. तो व्हिडिओ पुढच्या सर्जनला फार उपयोगी पडतो.

आता तुमच्या ताईंच्या तपासण्या. ईआरसीपीत औषध वर चढलं नाही, याचा अर्थ खालून जाणारा रस्ता पूर्ण बंद आहे. नळीला नुसतं भोक असतं किंवा पित्ताशयाच्या छोट्या नळीच्या टोकातून गळती असती, तर स्टेंट (नळी आतून उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून काम भागलं असतं, आणि तशा रुग्णांना बऱ्याचदा मोठं ऑपरेशन लागतच नाही. इथे मात्र तार जायला वाटच उरलेली नाही. कोणी "अजून एकदा ईआरसीपी करून बघू" म्हणालं तर नको म्हणा. त्यातून संसर्ग वर चढण्याचा धोका तेवढा वाढेल.

डाव्या-उजव्या नळीचा संगम शाबूत आहे, ही मोठी जमेची बाजू. आम्ही या इजांना संगमापासूनच्या अंतरावरून प्रकार देतो. संगमाच्या दोन सेंटिमीटरपेक्षा खाली तुटली तर ई-1, दोन सेंटिमीटरच्या आत तर ई-2, अगदी संगमालगत पण संगम टिकलेला तर ई-3. संगमच उद्ध्वस्त होऊन दोन्ही नळ्या वेगळ्या झाल्या तर ई-4, आणि उजव्या भागाची एखादी वेगळी निघालेली नळीही सापडली असेल तर ई-5. तुमचं वर्णन ई-2 किंवा ई-3 शी जुळतं. या दोन्ही प्रकारांत जोड चांगला होतो.

एक तपासणी मला तुमच्या वर्णनात दिसत नाही: धमन्यांचा सीटी अँजिओ. मुख्य नळीच्या मागूनच यकृताच्या उजव्या भागाची धमनी जाते, आणि नळी कापली जाताना तीही दुखावणं अजिबात दुर्मीळ नाही. बऱ्याच पाहण्यांत चारातल्या एका रुग्णात ते आढळतं. धमनी गेली असेल तर नळीच्या टोकाचा रक्तपुरवठा कमकुवत असतो. घाईने केलेला जोड अशा टोकावर बसला तर तो पुढे आकसतो. ही तपासणी झाल्याशिवाय कोणीही तारीख देऊ नये. रोबोट असो वा नसो.

रक्तपुरवठ्याची ही गोष्ट या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. मुख्य नळीच्या दोन्ही कडांनी बारीक रक्तवाहिन्या उभ्या धावतात. नॉर्थओव्हर आणि टर्ब्लांश यांनी 1979 मध्ये दाखवलं की यातलं साधारण 60 टक्के रक्त खालून वर येतं आणि वरून खाली येणारं त्याहून कमी असतं. नळी मधे कापली की वरच्या तुकड्याचा मुख्य पुरवठा तुटतो. म्हणून तुटलेली दोन टोकं एकमेकांना शिवून टाकण्याचा सोपा वाटणारा उपाय पूर्ण कापलेल्या नळीत बहुतेक वेळा फसतो. त्याऐवजी आम्ही वर, यकृताच्या दाराशी, जिथे रक्त भरपूर आहे तिथे जातो. फ्रान्सच्या हेप आणि कुईनो यांनी 1956 मध्ये मांडलेली पद्धत आजही तीच आहे: यकृताच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटलेलं आवरण हळूहळू खाली उतरवायचं, डावी नळी उघडी करायची, आणि संगमापासून डाव्या नळीवर लांब चीर देऊन रुंद तोंड तयार करायचं. मग लहान आतड्याचा 40 ते 60 सेंटिमीटरचा एक मोकळा पट्टा वर आणून त्या तोंडाला जोडायचा. वर आणलेल्या आतड्यातून अन्न जात नाही, फक्त पित्त जातं. टाके 4-0 किंवा 5-0 च्या, म्हणजे अगदी बारीक, विरघळणाऱ्या धाग्याचे. नळीचं आतलं अस्तर आणि आतड्याचं आतलं अस्तर एकमेकांना नीट भिडलं पाहिजे, आणि जोडावर ताण बिलकूल नको.

मग थांबायचं का? तुमच्या ताईंना साडेतीन आठवडे झालेत आणि मधे पोटात पित्त साचून ताप आला होता. पहिल्या 72 तासांत इजा लक्षात आली, संसर्ग नाही आणि अनुभवी सर्जन हाताशी आहे, तर लगेच दुरुस्ती करता येते. ती खिडकी तुमच्यासाठी बंद झाली आहे. त्यानंतरच्या काळात आतडी, यकृताचं दार, सगळं सुजलेलं आणि ठिसूळ असतं. टाका घातला की चीर पडते. आपत्कालीन शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनेची 2020 ची मार्गदर्शक सूत्रंही हेच सांगतात: आधी निचरा, योग्य प्रतिजैविकं आणि पोषण. किमान तीन आठवडे गेल्यावर, प्रकृती सावरली आणि आतला क्षोभ शमला असेल तरच जोड. तीन आठवडे उलटले म्हणून लगेच, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे रुग्ण उशिरा आणि संसर्ग घेऊनच पोचतात, म्हणून लखनौच्या एसजीपीजीआय किंवा दिल्लीच्या जी. बी. पंतसारख्या या इजांचा मोठा अनुभव असलेल्या केंद्रांत सहा आठवडे ते तीन महिने थांबण्याकडे कल राहिला. तुमच्या बाबतीत माझा कौलही त्याच बाजूने आहे.

आणखी एक तांत्रिक कारण आहे, जे नातेवाइकांना क्वचितच कोणी सांगतं. पित्त नळीवाटे बाहेर मोकळं वाहतंय तोवर यकृतातल्या नळ्या बारीकच राहतात. काही आठवड्यांत आतली वाट हळूहळू आकसते, बाहेरचं पित्त कमी होतं, आणि आतल्या नळ्या थोड्या फुगतात. तीन मिलीमीटरच्या नळीला शिवण्यापेक्षा आठ मिलीमीटरच्या नळीला शिवणं कितीतरी सुरक्षित. मात्र पित्त कमी होण्याचे दोन अर्थ असतात, हे लक्षात ठेवा. ताप नाही, पोट मऊ आहे, कावीळ सावकाश चढते आहे, तर तो अपेक्षित क्रम असू शकतो. पण नळी अचानक बंद झाली, पोट ताणलं, दुखू लागलं, थंडी भरून ताप आला, तर पित्त आत साचतंय. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. रात्र असली तरी वाट पाहू नका.

हा थांबण्याचा काळ नुसता बसून घालवायचा नाही. माझ्या मते ऑपरेशनचा अर्धा निकाल इथेच ठरतो. ड्रेनची नळी कातडीला टाक्याने पक्की आहे ना, रोज पाहा. ती निसटली तर पुन्हा टाकणं अवघड जातं. रोजचं माप वहीत लिहा. पित्ताबरोबर मीठ, बायकार्बोनेट आणि पाणी जातं. म्हणून अशक्तपणा, तोंड कोरडं पडणं, लघवी कमी होणं यांवर लक्ष ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी रक्तातले क्षार तपासून घ्या. पित्त आतड्यात पोचत नसल्याने स्निग्ध पदार्थ आणि के जीवनसत्त्व (व्हिटॅमिन के) नीट शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आणि रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी हवी. काही ठिकाणी बाहेर आलेलं पित्त गाळून नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या बारीक नळीने परत देतात. ते दूषित नसेल तर याचा चांगला फायदा होतो. जेवणात तेल-तूप कमी, पण प्रथिनं भरपूर: मूग-तुरीचं वरण, दही, ताक, अंड्याचा पांढरा भाग, चालत असेल तर मासे. "यकृताचं ऑपरेशन झालंय म्हणून फक्त पेज" असं करून बाईला हाडकुळी करून आणलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. अशा रुग्णाचे टाके भरत नाहीत. रोज चालणंही तितकंच गरजेचं.

आता रोबोटकडे येतो.

पहिली गोष्ट, रोबोट स्वतःहून काही करत नाही. पोटावर आठ मिलीमीटरची चार छिद्रं, त्यांतून कॅमेरा आणि तीन हत्यारं. सर्जन काही पावलांवरच्या कन्सोलवर बसतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली हत्यारांपर्यंत पोचतात. टेबलाजवळ दुसरा सर्जन उभा असतोच. त्याचा अनुभवही महत्त्वाचा असतो.

साध्या दुर्बिणीच्या तुलनेत रोबोटचे फायदे या विशिष्ट ऑपरेशनमध्ये ठळक दिसतात. जोड बसवायचा असतो यकृताच्या खाली, खोल, वरच्या बाजूला तोंड असलेल्या जागी. दुर्बिणीची हत्यारं सरळ आणि ताठ असतात. मागच्या ओळीचा टाका घालताना सुईचा कोन जुळत नाही. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, ते सर्व बाजूंना वळतं, हाताची थरथर गाळली जाते, आणि दृश्य त्रिमितीय आणि दहापट मोठं दिसतं. चार-पाच मिलीमीटरच्या नळीत 5-0 चे टाके घालताना याचा अर्थ कळतो. मोठा चिरा देऊन ओपन करतानासुद्धा मी भिंगाचा चष्मा लावतो, पण रोबोटमधून यकृताचं दार जसं उजळलेलं आणि जवळ दिसतं तसं त्यातून दिसत नाही.

दुसरी मदत म्हणजे आयसीजी नावाचं हिरवं औषध. शिरेतून दिलं की ते फक्त यकृतच बाहेर टाकतं, पित्तातून. रोबोटचा कॅमेरा जवळच्या अवरक्त प्रकाशावर टाकला की पित्ताच्या नळ्या हिरव्या चमकतात. व्रणाच्या गुंत्यात नळी शोधताना आणि धमनीपासून तिला वेगळी ओळखताना याचा आधार मिळतो. पण हा प्रकाश काही मिलीमीटरच्या पलीकडे नीट पोचत नाही. जाड व्रणाखालची नळी त्यातून दिसणार नाही, आणि हिरवं दिसलं नाही म्हणजे तिथे नळी नाही असं समजणारा सर्जन दुसरी इजा करून बसेल.

ओपनच्या तुलनेत फायदा मुख्यतः पोटाच्या भिंतीचा आहे. बरगडीखालचा लांब चिरा टळतो, त्यामुळे दुखणं कमी, श्वास मोकळा, चालणं लवकर, आणि पुढे चिऱ्यात हर्निया होण्याची शक्यता कमी. 38 वर्षांच्या, घरकाम आणि शेतीकाम करणाऱ्या बाईसाठी ही छोटी गोष्ट नाही. पण तिच्या यकृताचं पुढच्या वीस वर्षांत काय होईल, ते चिऱ्याच्या लांबीवर ठरत नाही. आतला जोड किती रुंद, किती वर आणि किती चांगल्या रक्तपुरवठ्याच्या ऊतीवर बसला, त्यावर ठरतं.

रोबोटची कमतरता स्पर्शाची. ओपनमध्ये मी बोटाने धमनीची धडधड तपासतो, व्रण किती कडक आहे ते चाचपतो. सध्या आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत तो स्पर्श पोचत नाही. धागा किती ताणायचा हे डोळ्यांनी ओळखायला शिकावं लागतं, नाहीतर बारीक धागा तुटतो किंवा नाजूक नळी फाटते. अमेरिकेत 2024 मध्ये मंजूर झालेल्या नव्या दा विंची यंत्रात जोराची जाणीव देणारी हत्यारं आली आहेत, गुरुग्रामच्या कंपनीचं भारतीय मंत्रा यंत्रही अनेक शहरांत पोचलं आहे. यंत्रं सुधारत जातील. पण शिकण्याचा काळ प्रत्येक सर्जनला काढावाच लागतो, आणि तो काळ त्याने पित्ताशय, हर्निया अशा सोप्या ऑपरेशनांवर काढलेला असावा. तुमच्या ताईंच्या यकृताच्या दाराशी नव्हे.

पुरावा काय सांगतो? मेक्सिको सिटीतल्या एका गटाने 2019 मध्ये 75 रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली, 40 दुर्बिणीने आणि 35 रोबोटने. दोन्हींत जोड बहुतांश रुग्णांत उत्तम टिकले. भारतातही मोठ्या केंद्रांतून असे अनुभव छापले गेले आहेत आणि ते आशादायक आहेत. पण हे अभ्यास त्या-त्या निष्णात केंद्रांचे, निवडक रुग्णांवरचे, मागे वळून पाहिलेले आहेत. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली मोठी तुलना यात झालेली नाही. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो काळाचा मुद्दा. जोड आकसायचाच असेल तर दोन-तृतीयांश वेळा तो पहिल्या दोन-तीन वर्षांत आकसतो, पण काही रुग्णांत सात किंवा दहा वर्षांनीही आकसतो. ओपन जोडांचे वीस वर्षांचे निकाल आपल्याकडे आहेत. रोबोटचे इतक्या लांबचे निकाल यायचे आहेत. कोणी "रोबोटने केलं की पुन्हा आकसत नाही" म्हणालं, तर ते आज कोणी सांगू शकत नाही.

काही रुग्णांत मी रोबोटचा विचारही करत नाही. उजवी धमनी गेली आणि यकृताचा उजवा भाग सुकला, तो भागच काढावा लागणार, अशा वेळी. आधी दोन-तीनदा पोट उघडून दुरुस्ती फसलेली असेल तर. यकृत कडक होऊन पोटातल्या शिरा फुगल्या असतील तर, कारण तिथे रक्तस्राव झाला की क्षणात हात आत हवा असतो. ई-4 आणि ई-5 मध्येही बहुतेक वेळा ओपनच. तुमच्या ताईंमध्ये यातलं आत्ता तरी काही दिसत नाही. पोट आधी फक्त दुर्बिणीने उघडलेलं आहे, संगम शाबूत आहे, वय कमी आहे. धमनी ठीक निघाली, तर त्या रोबोटिक दुरुस्तीसाठी योग्य रुग्ण आहेत. सहा-आठ आठवड्यांनंतर, पुढच्या आठवड्यात नव्हे.

सर्जनला भेटाल तेव्हा संकोच न करता विचारा. पित्तनलिकेच्या इजा दुरुस्त करण्याचं काम तुम्ही नेमाने करता का, आणि ओपनने किती वर्षं केलंत? रोबोटवर आतड्याचा आणि नळीचा जोड तुम्ही स्वतः नियमित करता का? तुमच्या रुग्णालयात यकृतात बाहेरून नळी टाकणारे रेडिओलॉजिस्ट रात्रीही मिळतात का? मधेच ओपन करावं लागलं तर कधी कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "व्रण फार असेल, धमनी दिसत नसेल, रक्त आलं तर लगेच उघडेन" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. "गरजच पडत नाही" म्हणणारा मला काळजीत टाकतो. ओपन केलं म्हणजे ऑपरेशन फसलं, असं घरच्यांनीही समजू नये.

पैशांचं. यंत्राची हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, त्यामुळे खाजगी रुग्णालयात ओपनपेक्षा खर्च साधारण लाख-दोन लाखांनी वाढतो. विमा असेल तर हे पाहा: विमा नियामकाने 2019 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण कंपनी तिच्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. ती मर्यादा भरती होण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि हा वाढीव खर्च कर्ज काढून किंवा दागिने मोडून करावा लागणार असेल, तर करू नका. मुंबईच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे अनुभवी हातांनी केलेली ओपन दुरुस्ती ही कमी दर्जाची गोष्ट नाही. नवख्या हातातल्या रोबोटपेक्षा ती मी माझ्या बहिणीसाठी डोळे झाकून निवडेन. वाचलेल्या पैशातून पुढची वर्षानुवर्षांची तपासणी होते, आणि ती बहुतेक कुटुंबं मधेच सोडून देतात.

त्या तपासणीबद्दल सांगतो आणि थांबतो. ऑपरेशनला चार ते सहा तास लागू शकतात. नंतर काही दिवस जोडाजवळ ड्रेन राहतो. त्यातून थोडं पित्त आलं तर घाबरायचं नाही, बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. घरी आल्यावर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, किमान दहा वर्षं. दरवेळी लिव्हर फंक्शन टेस्ट, त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज मुद्दाम पाहायचं, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. बिलिरुबिन ठीक असूनही अल्कलाइन फॉस्फटेज चढत असेल तर जोड आकसायला लागल्याची ती पहिली खूण असू शकते. अंगाला खाज, गडद लघवी, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं की गावातल्या डॉक्टरांकडून नुसतं तापाचं औषध घेऊन घरी बसू नये. त्यांना सांगा की पित्तनलिकेचा जोड आहे. लवकर कळलं तर यकृतातून बारीक नळी आणि फुगा घालून जोड पुन्हा रुंद करता येतो, दुसरं ऑपरेशन टळू शकतं. ईआरसीपीची, एमआरसीपीची आणि ऑपरेशनची कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये एकत्र ठेवा. एमआरसीपीची सीडी फिल्मपेक्षा जास्त उपयोगाची, ती आत्ताच मागून घ्या. काही सेंटर थोड्या काळाने जुना डेटा पुसून टाकतात. सीटी अँजिओ झाला की त्याचीही सीडी त्याच फाइलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या मताला जाताना अहवालाबरोबर तीही घेऊन जा.